वगळलेली जागा

माझ्या बोरमाळेतले सगळे मणी सोन्याचे. एकच तेवढा सरकारी. राखाडी रंगाचा, हरभऱ्याएवढा. तो ओवताना सोनारानं नाक मुरडलं होतं. "मावशी, सोन्यात हे काय घालताय?" मी म्हटलं, "तुझं काम ओवायचं. गळा माझा आहे." पण त्या मण्यानं मला जेवढं गोंधळात टाकलं, तेवढं सासरच्या सगळ्या माणसांनी मिळून टाकलं नव्हतं.

मी निंगव्वा मगदूम. गडहिंग्लजच्या अलीकडं आमचं गाव, आणि गावच्या चौकातलं मिरची कांडप माझं. नवरा गेला तेव्हा दीर म्हणाला होता, बाईमाणसाला मशीन झेपायची नाही. आज तोच दीर वर्षाची चटणी माझ्याकडं कांडून नेतो, आणि रांगेत उभा राहून नेतो. शाळा म्हणाल तर तिसरीपर्यंत. मास्तरांनी छडी उगारली, ती मी त्यांच्या हातातून काढून घेतली, तिथं माझं शिक्षण संपलं. म्हणून यंत्राबिंत्राचं जे पुढं सांगणार आहे ते मला समजलं तसं सांगते. न समजलेलंही बरंच आहे.

ज्या साली एसटीच्या सगळ्या गाड्या विजेवर गेल्या आणि उसावर फवारायला ड्रोन फिरायला लागली, त्याच साली आमच्या शाळेत 'उभारी' आली. त्याच्या आधीच्या पावसाळ्यात शेजारच्या गावची दोन पोरं गेली होती. दोघंही दहावीची. कशी गेली ते मी लिहीत नाही, हात धजत नाही. आईबाप एकच बोलत होते: पोरगं जेवत होतं, हसत होतं, आम्हाला काही कळलंच नाही.

तर कळावं म्हणून हे यंत्र. नववीच्या प्रत्येक पोराच्या मनगटाला एक पातळ पट्टी, आणि त्या पोरानं ज्याचं नाव सांगितलं त्या मोठ्या माणसाच्या अंगावर एक मणी.

मणी वाटायला जी पोरगी आली ती तस्नीम मुजावर, कागलची. पंचविशीची, अंगानं काडी, पण ऊन असो की शिव्या, हलायची नाही. गावानं पहिल्याच आठवड्यात तिचं नाव मणीवाली ठेवलं. तिनं मला ते सगळं माझ्याच कांडपात उभं राहून समजावलं. रुमालानं नाक धरून.

"आज्जी, ही मुसळं कशी पडतात?"

"एकसारखी. मशीनच ते."

"आणि बाई उखळात हातानं कांडते तेव्हा?"

"मागंपुढं. बांगडी सावरते, दम घेते, शेजारणीला टोमणा मारते, मग पुढचा घाव टाकते."

"तसंच काळजाचं," तस्नीम म्हणाली. "निवांत माणसाचं काळीज बाईच्या हातासारखं चालतं. श्वास घेतला की जरा भरभर, सोडला की जरा सावकाश. दोन ठोक्यांमधलं अंतर सारखं बदलत असतं. माणूस आतून धास्तावला की त्याचं मशीन होतं. एकसारखं पडायला लागतं. वरून तो हसत असला तरी. ही पट्टी ते अंतर मोजते, घाम मोजते, झोप मोजते. त्या पोराचं रोजचं माप काय ते आधी शिकून घेते. मग मापाच्या बाहेर गेलं की तुमचा मणी गरम होतो. बस्स. पट्टी वाजत नाही, चमकत नाही, वर्गात कुणाला कळत नाही."

"आणि कशानं बिनसलं ते?"

"ते नाही सांगत. यंत्र किती ते सांगतं. का ते माणसानं विचारायचं."

आमच्या चैत्राला विचारलं, मणी कुणाला द्यायचा. चैत्रा माझी नात, पंधराव्या वर्षात होती. तिचा बाप, माझा मल्लू, हुबळीला कंपनीत, महिन्यातनं दोनदा येतो. आई सुरेखा इथंच, माझ्यासोबत कांडपावर. सगळ्यांना वाटलं पोरगी आईचं नाव घेणार. ती म्हणाली, "आज्जीला द्या."

सुरेखाचं तोंड उतरलं. माझी, खोटं कशाला बोलू, मान ताठ झाली. पोरीनं आईला सोडून माझं नाव घेतलं. दुसऱ्याच दिवशी मी सोनाराकडं गेले.

तस्नीमनं आणखी एक सांगितलं. मणी महिन्यात फारच वेळा तापला तर पोराला काही आठवडे कोल्हापूरच्या आधारघरात ठेवायचं. "तिथं तिच्याच वयाची मुलं असतात, डॉक्टर असतात, खेळ असतात आणि आज्जी..."

पुढचं मी ऐकलं नाही. माझंच सुरू झालं होतं. "मगदुमांच्या घरातली पोरगी असल्या ठिकाणी जात न्हाई! वेड्याच्या घरात पोर पाठवायला माझं घर काय ओस पडलंय व्हय?" एवढ्या मोठ्यानं बोलले की चौकातल्या बायका मिरचीच्या पिशव्या खाली ठेवून ऐकायला लागल्या. चैत्रा पायरीवर बसून दप्तराचा बंद चावत होती.

*

मणी पहिल्यांदा तापला तो सकाळी. चैत्रा समोर बसून भाकरी खात होती. चुलीजवळ ठेवलेल्या नाण्यासारखा गळ्याला चटका बसला. मी तिच्याकडं बघितलं. ती आपली भाकरी मोडत होती, दुधात बुडवत होती.

"काय गं, काय झालं?"

"काय न्हाई."

"मणी तापलाय."

"मग फुंकर घाल."

अशी पोरगी. तोंडानं माझ्यावर गेलेली. मी म्हटलं जीभ शाबूत आहे म्हणजे जीवही शाबूत आहे. मणी हळूहळू निवला. दोन दिवसांनी सकाळी पुन्हा तापला. मग शाळेच्या वेळात. एकदा तर ती झोपाळ्यावर बसून गाणं ऐकत होती तेव्हा. मी पट्टीकडं बघायची, पोरीकडं बघायची, मण्याला हात लावायची, आणि काही म्हणता काही जुळायचं नाही. सुरेखा विचारायची, "आत्ती, तापला का?" मी म्हणायची, "तुला दिलाय का मणी? मग गप बस."

मग तो दिवस आला. दुपारी मिरची घातलेली, मुसळं पडतायत, आणि मणी असा तापला की मला वाटलं सोनं वितळतंय. मशीन तशीच टाकून मी पळाले. वाटेत चपलेचा अंगठा तुटला, ती हातात घेतली. शाळेच्या मैदानावर गर्दी. चैत्रा ओळीत उकिडवी बसलेली, चेहरा पांढरा, आणि तिच्या कानाशी वाकून एक धटिंगण सर ओरडतोय.

मी मधेच घुसले. "पोरीला काय केलंस रे मुडद्या?" आणि चप्पल उगारली.

तालुक्याची खो-खोची अंतिम मॅच होती ती. पाठीमागून पोरीनं चैत्राला खो दिला, आणि चैत्रा उठलीच नाही. ती माझ्याकडं बघत राहिली. समोरची पोरगी हसत निसटली. शिट्टी वाजली. आमच्या शाळेची पोरं हरली, आणि अख्ख्या तालुक्यानं टाळ्या वाजवल्या. त्या मला होत्या.

संध्याकाळी तस्नीम आली. तिचं तोंड बारीक झालं होतं. "आज्जी, चूक तुमची एकट्याची नाही. धावणारं पोर असलं की पट्टीला कळतं, हा खेळ आहे. पण ती बसून होती. हालचाल नाही, आणि काळीज धडधडतंय. पट्टीला वाटलं घाबरली. ती खोची वाट बघत होती. भीती आणि हुरूप यातलं अंतर शरीराला फारसं ठाऊक नसतं. यंत्रालाही अजून नाही."

"म्हणजे पोरगी हरखली तरी तापणार, भ्याली तरी तापणार? मग हा मणी गळ्यात घालून मी करू काय, भाकरी भाजू?"

चैत्रा आतून आली. डोळे कोरडे. "आज्जी, उद्यापासनं मी खेळायला जात न्हाई."

"बरं झालं," मी म्हटलं. "गुडघे तरी राहतील."

हे मी का म्हणाले? चूक झाली ते दिसत होतं, आणि दिसलेलं गिळता येत नव्हतं. माझ्या तोंडाला माघारी यायचा रस्ता कधी कुणी दाखवलाच नाही.

*

खेळ सुटल्यावर चैत्रा शाळेतनं थेट कांडपावर यायला लागली. कोपऱ्यात मिरचीच्या ढिगाशी बसायची, देठं खुडायची. आणि ती कांडपात आली की मणी तापायचा. रोज.

महिना भरत आला होता. तस्नीमच्या फोनवर सगळं दिसायचं. तिनं आधारघराचं नाव काढताच मी तिला हाताला धरून मुसळांजवळ उभी केली.

"पट्टी तू पण घातलीयेस न्हवं? शिकवायला?"

"हो."

"मग थांब इथं."

संकेश्वरी मिरची होती, जहाल. जरा वेळात तस्नीम शिंकून शिंकून वाकली. डोळ्यांतून धारा, कपाळावर घाम. तिनं फोन काढला. तिचं स्वतःचं माप मापाबाहेर गेलेलं. बायका खो खो हसायला लागल्या. मी म्हटलं, "मॅडम, तुम्हाला कधी नेऊ आधारघरात? पिशवी भरून ठेवते."

तीही हसली बिचारी. मग बाहेर येऊन पाण्यानं डोळे धूत तिनं सांगितलं ते मला अजून आठवतं. मिरची माणसाला खरोखर भाजत नाही. आपल्या अंगात विस्तव ओळखणाऱ्या नसा असतात. मिरचीतला अर्क नेमका त्याच नसांचं दार वाजवतो. मेंदूला वर्दी जाते: आग लागली. मेंदू घाम सोडतो, पाणी सोडतो, काळीज पळवतो. आग कुठंच नसते. वर्दी तेवढी खोटी.

"म्हणजे तुझं यंत्र माझ्या कांडपात खोटं बोलतं," मी म्हटलं.

"खोटं नाही, आज्जी. गोंधळतं. पण तुमचं म्हणणं बरोबर आहे. इथलं माप धरता येणार नाही." तिनं वरच्या साहेबांशी बोलून कांडपाच्या चार भिंती यंत्रातून काढून टाकल्या. वगळलेली जागा, असं तिच्या भाषेत. पट्टी त्या भिंतींच्या आत आली की मणी गप.

चैत्रा देठं खुडत होती. तिनं मान वर केली नाही. पण हात थांबला होता, एवढं मला दिसलं. दिसलं आणि मी त्याचा अर्थ लावला की पोरीला बरं वाटलं. आज्जीनं जिंकलं म्हणून.

मग मोसम लागला. फाल्गुन-चैत्रात आमच्याकडं श्वास घ्यायला फुरसत नसते, आणि घेतला तर खोकला येतो. चैत्रा शाळा सुटली की कांडपात, सुट्टीच्या दिवशी सकाळपासनं कांडपात. तिथं मणी थंडगार. सकाळी घरी कधी कोमट झाला तर मी म्हणायची, चुलीची धग. चौकात कुणी विचारलं की मी बोरमाळ पुढं करायची. "लावून बघ हात. थंड का न्हाई? मगदुमांची पोरगी हाय ती." दिराला तर मी बोलावून हात लावायला लावला.

सुरेखा एकदा भाकरी थापता थापता म्हणाली, "आत्ती, पोरगी जेवत न्हाई नीट."

"मिरचीच्या धुरळ्यात भूक मरते. माझी न्हाई मेली चाळीस वर्षं?"

"मैत्रिणी येत न्हाईत घरी."

"कामाला बसलेल्या पोरीकडं कोण येणार?"

"डोळे कायम लाल असतात तिचे."

मी हसले. "अगं, मिरची कांडपात बसून डोळे पांढरे कुणाचे असतात? तुझे आरशात बघ."

सुरेखानं तव्यावरची भाकरी उलटली आणि गप्प राहिली. तिचं गप्प राहणं मला नेहमी हार मानल्यासारखं वाटायचं.

*

शांतव्वा कोरीच्या लेकीचं लग्न ठरलं. आमच्याकडं लग्नाची हळद माझ्याच कांडपात कांडतात, कारण मी जेवढी मशीन धुते तेवढी कुणी धूत नाही. ही हळद नवरीच्या अंगाला लागायची असते. मिरचीचा कण राहिला तर नवरी मांडवात नाचायची. म्हणून आदल्या दिवशी मिरची बंद. गरम पाण्यानं सगळं घासायचं, ऊन दाखवायचं, मग पसाभर तांदूळ कांडून ते टाकून द्यायचे. भिंतीसुद्धा पुसते मी. त्या दिवशी माझ्या कांडपात तान्हं पोर निजवलं तरी शिंकायचं नाही.

आणि एक रीत आहे. लग्नाची हळद एकदा कांडायला घेतली की मधे थांबवायची नाही. थांबली तर संसार अर्ध्यावर थांबतो म्हणतात. वीज जाईल म्हणून मी बॅटरी भरून ठेवते.

सुवासिनी आल्या. मुसळांना कुंकू लावलं, हळकुंडं घातली, मशीन सुरू केली. बायका ओव्या म्हणायला लागल्या. सगळं कांडप पिवळं झालं. पिवळा धुरळा हवेत, भिंतीवर, बायकांच्या भुवयांवर. तेवढ्यात चैत्रा शाळेतनं आली. कुणाकडं न बघता आपल्या कोपऱ्यात जाऊन बसली, जिथं रोज मिरचीचा ढीग असतो तिथं. गुडघ्यावर हनुवटी ठेवून.

मी हळकुंडं पुढं सारत होते. जरा वेळानं सहज मान वळवली.

पोरीचं तोंड बायकांसारखंच पिवळं झालं होतं. आणि त्या पिवळ्यावर डोळ्यांपासून हनुवटीपर्यंत दोन रेघा धुतलेल्या. ती रडत नव्हती, म्हणजे तोंड वाकडं नव्हतं, हुंदका नव्हता. नळाचं तोंड नीट बंद न केल्यासारखं नुसतं पाणी चाललं होतं.

मी गळ्याला हात लावला. मणी थंड.

शांतव्वानं माझी नजर जिथं होती तिथं बघितलं. "काय गं पोरीला झालं?"

"डोळ्यात काहीतरी गेलंय," मी म्हणाले. ओठांवर तयारच होतं ते. आणि म्हणता म्हणता माझ्याच लक्षात आलं की आज डोळ्यात जायला काही नाहीच.

मी बटण बंद केलं.

मुसळं थांबली. ओवी थांबली. शांतव्वा किंचाळली, "अगं निंगव्वाक्का! लग्नाची हळद हाय ती! अर्धी थांबवत न्हाईत!"

"थांबली," मी म्हटलं. "काय व्हायचं ते माझ्या डोक्यावर होऊ दे. बाहेर व्हा सगळ्या."

आयुष्यात पहिल्यांदा मी गिऱ्हाईक हाकललं. बायका बडबडत चौकात गेल्या. मी चैत्राच्या समोर जमिनीवर बसले. माझे गुडघे वाजले.

"आज मिरची न्हाई," मी म्हटलं.

तिनं इकडंतिकडं बघितलं. भिंतीकडं, हाताच्या पिवळ्या तळव्यांकडं. तिला तेव्हा कळलं.

"हळद गेली डोळ्यात."

"हळद झोंबत न्हाई. कधीपासनं हाय हे?"

ती तळव्यावरची हळद झटकत राहिली. मग म्हणाली, "इथं बरं पडतं. इथं सगळ्यांच्याच डोळ्यांतनं पाणी येतं. कोण कुणाला विचारत न्हाई."

"कुणी काय केलं? नाव सांग नुसतं. त्याच्या घरापुढं जाऊन..."

"कुणी न्हाई, आज्जी."

"मास्तर? कुणी पोरगा?"

"कुणी न्हाई!"

"मग का?"

"ठाऊक न्हाई." तिनं नाक पुसलं, नाकावर हळदीचा पट्टा उठला. "खरंच ठाऊक न्हाई. सकाळी उठलं की छातीवर पोतं ठेवल्यागत असतं. कुणी ठेवलं ते ठाऊक न्हाई. पहिल्यापासनं हाय. खेळताना जायचं तेवढं."

मला शत्रू पाहिजे होता. शत्रू असता तर मी आत्ता त्याच्या दारात असते. नुसतं पोतं, आणि ठेवणारं कुणी नाही, असल्या गोष्टीशी भांडायचं कसं ते मला कुणी शिकवलेलं नाही.

"मग मण्याला माझं नाव कशाला दिलंस? आई होती की."

ती माझ्याकडं बघायची थांबली. "आईनं लगेच मानलं असतं. रडत बसली असती. तू मानणार न्हाईस हे मला ठाऊक होतं. आधारघराचं आम्हाला शाळेत आधीच सांगितलं होतं. तू यंत्राशी भांडशील. मग मला कुणी न्यायचं न्हाई."

बोरमाळ ओवल्यापासून जी मान ताठ होती तिचं काय झालं ते मी सांगत नाही.

"तुला जायचं न्हवतं तिकडं?"

"तूच म्हणालीस, मगदुमांची पोरगी असल्या ठिकाणी जात न्हाई. भर चौकात."

"मी म्हणाले. तुला काय वाटत होतं?"

"ठाऊक न्हाई."

पुन्हा तेच. पण या वेळी ते तोंडावर फेकल्यासारखं नव्हतं. ती खरोखर शोधून सांगत होती की सापडत नाही.

मी तस्नीमला फोन लावला. फोनला नुसतं नाव सांगितलं की तो लावतो, एवढं मला जमतं. म्हटलं, "ती तुझी वगळलेली जागा हाय न्हवं? ती धर परत."

"आज्जी, पण मिरचीमुळं माप..."

"आज मिरची न्हाई. आत्ता धर. मी इथंच बसलेय."

तिनं तिकडनंच यंत्रात ती जागा परत धरली. मग मणी तापायला लागला. आधी कोमट, मग भाकरीच्या वाफेसारखा, मग असा की कातडीला नको होईल. पोरगी माझ्यासमोर गप्प बसलेली, हात माझ्या हातात, आणि गळ्याशी हे. एवढे दिवस हे इथंच होतं. या भिंतींच्या आत, ढिगाशी, देठं खुडत.

मी मणी काढला नाही. दुसरं काय करायचं तेही सुचलं नाही.

तेवढ्यात मागच्या अंगणातनं आवाज आला. धप्प. जरा थांबून, धप्प. मग दोन लगोलग. सुरेखानं जुनं उखळ काढलं होतं. शांतव्वाला म्हणाली होती म्हणे, "हळद थांबली कुठं? मशीन थांबली. हातानं पुरी करू." बायका आळीपाळीनं मुसळ टाकत होत्या. कुणाचा घाव जड, कुणाचा हलका, मधेच बांगड्या, मधेच हसणं. माझ्या सुनेला मी बावळट समजत आले त्याला बरीच वर्षं झाली.

चैत्रानं डोकं भिंतीला टेकवलं आणि ऐकत बसली. मणी हळूहळू उतरला. थंड नाही झाला. माझ्या हातामुळं उतरला, की त्या मुसळांमुळं, की नुसतं बोलून झालं म्हणून, ते मला आजही सांगता येत नाही. तस्नीमला विचारलं, तिलाही नाही.

*

दुसऱ्या दिवशी मी तस्नीमला म्हटलं, "न्या पोरीला. पण मी येणार. पोरगी एकटी राहणार न्हाई."

तस्नीम माझ्याकडं बघतच राहिली. "आज्जी, मणी ज्याच्या गळ्यात तो सोबत राहतो. नियमच आहे तो. मी पहिल्याच दिवशी सांगत होते."

"मग मोठ्यानं सांगायचं!"

"तुमच्यापेक्षा?"

चैत्रा हसली. फुस्सकन, नाकातनं. बऱ्याच दिवसांनी.

मी बोरमाळ काढून सुरेखापुढं धरली. म्हटलं, तू जा, आई आहेस. तिनं चैत्राकडं बघितलं. चैत्रा म्हणाली, "आज्जीच असू दे. आता मानते ती." सुरेखानं बोरमाळ परत माझ्या गळ्यात घातली आणि मागं गाठ घट्ट केली, जरा जास्तच घट्ट. "कांडप मी बघते," म्हणाली. भर मोसमात मी कांडपाची किल्ली तिच्या हातात दिली. दीर चौकात म्हणाला, निंगव्वा वाघीण म्हातारी झाली. मी परत आल्यावर त्याची मिरची सगळ्यात शेवटी कांडणार आहे.

आधारघर म्हणजे मला वाटलं होतं तसं काही नाही. पत्र्याची लांब शेड, आंब्याची दोन झाडं, पुढं मैदान. पोरं ओरडतात, भांडतात, ताटं आपटतात. एक डॉक्टरीणबाई चैत्राशी रोज बोलते. काय बोलते ते मला सांगत नाहीत. पहिल्या दिवशी मी दाराला कान लावला, तर चैत्रा आतनं म्हणाली, "आज्जी, तुझी सावली दिसतीया."

पोतं गेलं का? मी रोज विचारते. कधी म्हणते हलकं आहे, कधी म्हणते आज दोन आहेत. कधी नुसतीच माझ्या अंगावर रेलून बसते. मणी तापतो, निवतो, पुन्हा तापतो. मला यातलं अजून काही कळलेलं नाही. पण पूर्वी न कळलेलं मी दुसऱ्याच्या नाहीतर यंत्राच्या माथी मारून मोकळी व्हायची. आता ते तसंच मांडीवर घेऊन बसते.

काल संध्याकाळी मैदानावर खो-खो होता. चैत्रा ओळीत उकिडवी बसली. कुणी बळजबरी केली नव्हती, आपणहून बसली. आणि माझा मणी तापला. असा तापला, त्या दिवशी चप्पल घेऊन पळाले होते तसाच.

मी उठले. चपला पायातच होत्या, तिथंच राहू दिल्या. रेघेपर्यंत गेले, रेघेच्या बाहेर थांबले आणि ओरडले, "ए भवाने! हे भ्यालेलं हाय का हरखलेलं?"

सगळी पोरं वळून बघायला लागली. चैत्रानं मान वळवली नाही. पुढं बघतच, हात जमिनीला टेकवून, ओरडली,

"अजून ठरलं न्हाई! थांब तिथंच!"

मी थांबले. पाठीमागून पोरगी धावत आली, "खो!" ओरडली, आणि चैत्रा उठली.